उरलेल्या स्पार्कलिंग वाइनचं काय करायचं?

पाहुणे गेले, ग्लास धुऊन झाले आणि टेबलावर शॅम्पेनची पाव बाटली तशीच उभी. ओतून टाकायला जीव होत नाही, आणि सकाळपर्यंत तिच्यातला जोर ओसरणार हेही माहीत असतं. आधी एकच गोष्ट बघायची: बुडबुडे अजून आहेत की गेले? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

बुडबुडे आहेत तोवर

बाटली लगेच फ्रिजमध्ये ठेवा. कार्बन डायऑक्साइड थंड द्रवात जास्त टिकतो, गरम झाला की पळतो. शॅम्पेनच्या बंद बाटलीत ५ ते ६ वातावरणाइतका दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहूनही जास्त. त्यामुळे साधं झाकण उडू शकतं. स्पार्कलिंग वाइनसाठी दोन बाजूंनी मानेला पकडणारं झाकण मिळतं, तेच लावा. मूळ बूच परत घालायच्या भानगडीत पडू नका. बाहेर आल्यावर ते फुगतं आणि मानेत शिरत नाही.

बाटलीच्या तोंडात चमचा अडकवायचा उपाय तुम्हीही ऐकला असेल. त्याने काही होत नाही, जे टिकतं ते थंडीमुळे. मनुका टाकून फेस परत आणायची युक्तीही तशीच. मनुकेच्या सुरकुत्यांवर बुडबुडे जमून वर येतात खरे, पण ते उरलासुरला वायू बाहेर काढत असतात. नवा वायू येणार कुठून?

नीट झाकलेली बाटली एक ते तीन दिवस पिण्याजोगी राहते. शॅम्पेनमध्ये बुडबुडे आणणारं दुसरं आंबवणं बाटलीतच होतं, प्रोसेकोत (इटलीची स्पार्कलिंग वाइन) बहुधा मोठ्या टाकीत. प्रोसेकोचा फेस लवकर बसतो, म्हणून तिला आधी संपवा. फेस थोडाच उरला असेल तर थंड संत्र्याच्या रसात समप्रमाणात ओता.

थोड्या फेसाचा माझ्या मते सर्वांत चांगला उपयोग तळणीच्या पिठात होतो. एक कप मैद्यात चिमूटभर मीठ घाला. तेल तापल्यावरच एक कप बर्फासारखी थंड वाइन ओता आणि दोन-चार वेळा ढवळून थांबा, गुठळ्या राहिल्या तरी चालतील. तेलात बुडबुडे फुगतात, अल्कोहोल पाण्याच्या आधी उडतं आणि भाजी किंवा मासा कुरकुरीत निघतो.

बुडबुडे गेल्यावर

आता तुमच्याकडे आंबटसर पांढरी वाइन आहे. आधी वास घ्या आणि चाखून बघा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ती टाका. स्वयंपाकात घातल्याने तो लपत नाही. लेबलही वाचा. ‘ब्रूट’मध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, ‘डेमी-सेक’मध्ये ३२ ते ५०. पहिली तिखटमिठाच्या रश्शात चालते, दुसरी गोडात बरी. भांडं स्टीलचं घ्या, वाइनचा आंबटपणा ॲल्युमिनियमला लागतो.

*पेअर शिजवायचे असतील तर:* दोन कप वाइनमध्ये अर्धा कप साखर आणि दालचिनीचा तुकडा घालून मंद उकळी आणा. सोललेले तीन पेअर सोडा आणि सुरी सहज जाईपर्यंत, साधारण २० ते २५ मिनिटं शिजवा. फळं काढून उरलेला रस निम्मा आटवा आणि वर ओता.

*बर्फाचा कीस:* अर्धा कप साखर अर्धा कप गरम पाण्यात विरघळवा, गार झाल्यावर दोन कप वाइन मिसळा. पसरट भांड्यात फ्रीझरला ठेवा आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडत राहा. अल्कोहोलमुळे हा दगडासारखा गोठत नाही, हीच त्याची मजा. (उघडी न केलेली बाटली मात्र फ्रीझरमध्ये विसरू नका, फुटते.)

एक समज इथेच काढून टाकतो: शिजवलं की अल्कोहोल पूर्ण उडतं, असं नाही. १५ मिनिटं उकळल्यावरही सुमारे ४० टक्के शिल्लक राहतं, तासाभराने सुमारे २५. किसात तर ते सगळंच असतं. मुलं, गरोदर बाई किंवा दारू वर्ज्य असलेलं कुणी जेवायला असेल तर हे पदार्थ त्यांना वाढू नका.

काहीच सुचत नसेल तर व्हिनेगर

वेळ लागतो, कष्ट नाहीत. फेस पूर्ण गेलेली दोन भाग वाइन, एक भाग पाणी आणि एक भाग न गाळलेलं, जिवंत जिवाणूंचं व्हिनेगर रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत घ्या. तोंडाला कापड बांधा. घट्ट झाकण नको, कारण अल्कोहोलचं आम्ल करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. बरणी उबदार, अंधाऱ्या जागी ठेवा. काही आठवड्यांत वर जेलीसारखा पापुद्रा धरतो. तो दिसला की घाबरून फेकू नका, तीच व्हिनेगरची ‘आई’. केसाळ, रंगीत बुरशी आली तर मात्र सगळं टाका. दोन-तीन महिन्यांनी चाखा. आंबट झालं की गाळून बाटलीत भरा आणि पापुद्रा थोड्या व्हिनेगरसकट बरणीतच राहू द्या, पुढची उरलेली वाइन त्यातच ओतता येईल.