शाळा बघायला जाल तेव्हा काय काय बघायचं

मुलगी सहाची होत आली आणि आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही, कुठल्या शाळेत घालायचं. सात शाळा फिरलो. त्यातून जे कळलं ते सगळं लिहितेय, कुणाला उपयोगी पडलं तर खूप बरं वाटेल.

ऑफिसात जाऊन माहितीपत्रक घ्यायच्या आधी शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर अर्धा तास उभं राहा. मुलं कशी बाहेर पडतात, मावशी आणि शिपाई त्यांच्याशी कसं बोलतात, व्हॅनमध्ये किती जणांना कोंबतात हे सगळं तिथे दिसतं. न्यायला आलेल्या आयांशी बोला आणि यावर्षी वर्गाच्या बाई किती वेळा बदलल्या ते नक्की विचारा, कारण सहा वर्षाच्या मुलाला दर तीन महिन्यांनी नवीन बाई म्हणजे दरवेळी पहिल्यापासून सुरुवात.

मग टॉयलेट बघा, पाहुण्यांचं नाही, मुलांचं. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, साबण आहे का. माझ्या भाचीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची, ताई रागवायची, आणि दोन वेळा युरिन इन्फेक्शन झाल्यावर कळलं की शाळेत टॉयलेटला जायला लागू नये म्हणून ती पोर दिवसभर पाणीच पीत नव्हती. तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगते.

वर्गातले बाक मोजा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक हवा, आणि प्रत्यक्षात एका तुकडीत पन्नास-साठ मुलं दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या शाळेत जाणाऱ्या ओळखीच्या मुलाची गणिताची वही मागा. एका वहीत ४२ वजा १८ बरोबर ३६ लिहिलेलं होतं, त्यावर लाल फुली आणि खाली 'सराव कर', बस्स. मूल ८ मधून २ वजा करतंय हे बाईंनी बघितलंच नाही, मग तसाच सराव करून करून चूक अजून पक्की होणार ना? आणि आम्ही एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो होतो तिथे हीच चूक केलेल्या मुलाशेजारी बाई खाली सतरंजीवर बसल्या, दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाल्या, यातल्या आठ दे मला. पोरगं दोन काड्यांकडे बघत बसलं, मग त्याने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. मला अशी शाळा हवी, एसी आणि स्मार्टबोर्ड नसला तरी चालेल.

म्हणून मुख्याध्यापकांना नाही, मुलांनाच विचारा की चुकलं तर बाई काय करतात. मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला आरटीईमध्ये बंदी आहे, पण वर्गासमोर उभं करून हसं करणं बऱ्याच ठिकाणी चालू असतं आणि ते मूल घरी सांगत नाही.

पैशाचं बोलायचं तर वर्षाचा पूर्ण खर्च लेखी मागा, बस, युनिफॉर्म, पुस्तकं, गॅदरिंग सगळं धरून. खाजगी शाळेला फी ठरवताना २०११ च्या कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावं लागतं, तर त्या समितीत कोण पालक आहेत ते विचारून घ्या. डोनेशन घेणं किंवा प्रवेशासाठी मुलाची नाहीतर आईबापांची मुलाखत घेणं आरटीई लागू असलेल्या शाळेला चालत नाही. सरकारी मान्यता आणि ११ आकडी यूडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर, पण बघाच.

माध्यमाबद्दल माझं मत पक्कं आहे, घरात जी भाषा बोलता त्यातच मूल पहिल्यांदा वाचायला शिकू दे. इंग्रजी शाळाच घेणार असाल तरी मराठी किती तास आणि कोण शिकवतं ते विचारा, २०२० च्या कायद्याने राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीची आहे.

अंतर जवळचं बघा, एवढ्याशा पोराने तासभर व्हॅनमध्ये कशाला बसायचं.

आणि फॉर्म भरायच्या आधी मुलाला बरोबर न्या. आमची मुलगी मोठ्या शाळेत माझी ओढणी सोडायला तयार नव्हती. त्या काड्यांच्या वर्गात मात्र जाऊन सतरंजीच्या कडेला बसली आणि निघायची वेळ झाली तरी उठेना.