कोड नंतर, आधी शेजारी बसा
लिफ्टची देखभाल, आग विझवण्याच्या सिलिंडरची तपासणी अशा कंटाळवाण्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर करायचं असेल, तर कोड लिहिण्याआधी त्या धंद्यातल्या माणसाशेजारी दिवसभर बसा. एकच आकडा तो वहीतून एक्सेलमध्ये आणि तिथून बिलात पुन्हा टाइप करतोय? मग पैसे तिथेच आहेत. ‘आवडेल का?’ विचारू नका, तोंडदेखलं हो सगळेच म्हणतात. आगाऊ रक्कम मागा. पुढे गळतीवर लक्ष ठेवा. महिन्याला ५ टक्के गिऱ्हाइकं सुटत असतील तर एक जण सरासरी २० महिने टिकतो. २ टक्के असतील तर ५० महिने, म्हणजे महिन्याचं भाडं तेच ठेवून एका गिऱ्हाइकामागे अडीचपट कमाई. गिऱ्हाइकाचा जुना डेटा मात्र नव्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः भरून द्या, कितीही वैताग आला तरी. अनेकजण तिथेच अडकून सोडून जातात.