कुत्र्याला घेऊन सहलीला निघताना: ठिकाण शोधण्यापासून घरी परतेपर्यंत

रात्री साडेदहाला आम्ही मुक्कामाच्या जागी पोहोचलो. बुकिंग करताना ‘पाळीव प्राणी चालतील’ असं स्वच्छ लिहिलेलं वाचलं होतं. आमचा कुत्रा ढब्बू गाडीतून उतरला, कुंडीपाशी एक पाय वर केला, आणि तेवढ्यात आतून आलेल्या माणसाने मागच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवलं. कुत्रा तिथे, तुम्ही वर. जनरेटरही त्याच शेडमध्ये घरघरत होता. ती रात्र आम्ही तिघांनी गाडीत काढली. पण त्या माणसाचं तरी काय चुकलं? कुत्रा ‘चालत’ होताच, फक्त खोलीत नाही. आम्ही विचारलं नव्हतं.

त्यानंतर जी पद्धत बसत गेली, ती क्रमाने सांगतो.

१. न्यायचं की नाही, हे आधी ठरवा

सूर्यास्ताशी कुत्र्याला काही देणंघेणं नसतं. त्याला तुम्ही हवे असता आणि हुंगायला नवी जमीन. तुमच्या बेतात दिवसभर संग्रहालयं, खरेदी किंवा लग्नसमारंभ असेल, तर तो अनोळखी खोलीत दाराकडे बघत बसणार. अशा वेळी त्याला ओळखीच्या माणसाकडे ठेवून जाणं बरं. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू, माजावर आलेली कुत्री, नुकतंच ऑपरेशन झालेला किंवा सांधेदुखीने त्रासलेला म्हातारा कुत्रा यांना तर घरीच राहू द्या.

निर्णय होत नसेल तर रंगीत तालीम करा. आधी तासाभराचा प्रवास, मग एखाद्या मित्राकडे एक रात्र. तिथे तो जेवतो का, झोपतो का, आणि नव्या जागी शी-शू करतो का, एवढंच बघा. तिसरी गोष्ट लोक विसरतात. काही कुत्री परक्या जागी बारा-बारा तास लघवी धरून ठेवतात आणि मालकाला वाटतं, किती शहाणं बाळ!

२. ठिकाण कुत्र्याच्या उंचीवरून बघा

सर्वात आधी हवामान. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो, बाकी सगळं काम धापा टाकून. हवा दमट असली की धाप टाकूनही अंग पुरेसं थंड होत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींची मुळातच श्वास घेताना ओढाताण होते, त्यांच्यासाठी थंड ऋतूच निवडा. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याचे पंजेही भाजणार.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या जागेचे नियम. ‘निसर्गरम्य’ म्हणजे कुत्र्यासाठी मोकळं, असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कुत्र्याला पायवाटांवर आणि लाकडी फलाटांवर बंदी आहे. रस्ते, वाहनतळ आणि तंबूच्या जागा यांपासून साधारण ३० मीटरच्या आतच, तेही पट्ट्याला बांधून, त्याला फिरवता येतं. नियम जाचक वाटतो, पण १९८१ साली तिथे एक कुत्रा उकळत्या पाण्याच्या कुंडात पडला आणि त्याला काढायला उडी मारलेल्या तरुणाचाही जीव गेला. उलट त्याच देशातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात जवळपास १६० किलोमीटर पायवाटा पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्यांना खुल्या आहेत. दोन्ही राष्ट्रीय उद्यानंच. म्हणून जागेच्या प्रकारावरून अंदाज बांधू नका, त्या जागेचा नियमच वाचा. समुद्रकिनाऱ्यांचंही तसंच: कुठे गर्दीच्या मोसमात बंदी, कुठे पक्षी किंवा कासवं अंडी घालतात त्या काळात, तर कुठे फक्त ठरावीक तासांत परवानगी.

तिसरी गोष्ट व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर. रात्री उघडा असणारा दवाखाना मुक्कामापासून किती लांब आहे, हे बुकिंगच्या आधी नकाशावर शोधा आणि नंबर फोनमध्ये घाला. दोन-अडीच तासांवर असेल तर मी ती जागा सोडून देतो. यावरून घरात वाद होतात, होऊ देत.

मुक्काम शोधताना बुकिंगच्या ॲपवरची पाळीव प्राण्यांची खूण ही केवळ पहिली चाळणी समजा. खरी माहिती लोकांच्या अभिप्रायांत असते, तिथे ‘कुत्रा’ हा शब्द टाकून शोधा. आधी राहून गेलेल्यांनी टाकलेल्या फोटोंत एखादा कुत्रा सोफ्याखाली पसरलेला दिसला, की त्या एका फोटोवर मी दहा जाहिरातींपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. मग उपग्रह नकाशा उघडा. फाटकाबाहेर लगेच वाहता रस्ता आहे का? कुंपण सलग आहे का? सकाळी सहाला झोपेच्या कपड्यांत त्याला कुठे नेता येईल?

३. फोन करा, आणि नेमकं विचारा

हाच टप्पा सर्वात महत्त्वाचा. ‘कुत्रा चालतो का?’ असं विचारूच नका, कारण ‘हो’ या उत्तरातून काहीच कळत नाही. ‘कुत्रा आमच्याबरोबर खोलीत झोपेल ना?’ असं विचारा. जात आणि वजन पहिल्याच वाक्यात सांगा. पुष्कळ ठिकाणी वजनाची मर्यादा असते, काही ठिकाणी ठरावीक जाती नाकारतात, आणि दारात पोहोचून हे कळण्यात अर्थ नाही. जादा पैसे लागतात का, ते रात्रीमागे की मुक्कामामागे, अनामत असेल तर परत मिळते का?

त्याला खोलीत एकटं ठेवता येईल का, हे जरूर विचारा. अनेक जागांना ते चालत नाही, आणि मग तुमचं जेवण कुठे होणार हा प्रश्न उभा राहतो. जेवायच्या जागी त्याला आणता येतं का? खोली तळमजल्यावर आहे का? आवारात मालकाचा कुत्रा, मांजर, कोंबड्या आहेत का, आणि आसपास मोकाट कुत्र्यांची टोळी आहे का? टोळी असेल तर सकाळचं फिरणं म्हणजे रोजची लढाई.

एक प्रश्न विचित्र वाटेल, तरी विचारा: आवारात उंदरांचं औषध ठेवलंय का? उंदीर मारायच्या बऱ्याच औषधांनी रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते आणि त्याची लक्षणं काही दिवसांनी दिसतात. कुत्र्याने खाल्ल्याचं तुम्हाला कळलेलंही नसतं.

फोनवरच्या माणसाचा सूर ऐका. ‘केवढा आहे? मुलांना चावत नाही ना? नाव काय त्याचं?’ असं उलटं विचारणारा माणूस मला आवडतो, त्याच्याकडे आधी कुत्री येऊन गेलेली असतात. ‘या हो, काही प्रॉब्लेम नाही’ असं दोन सेकंदांत म्हणणाऱ्याची मात्र मला धास्ती वाटते. फोन संपला की ठरलेलं सगळं मेसेजवर लिहून पाठवा आणि त्यावर ‘हो’ येऊ द्या.

४. व्हेटची भेट

निघायच्या तीन-चार आठवडे आधी जा, आदल्या दिवशी नको. रेबीजची आणि बाकीच्या लसींची मुदत, जंताचं औषध आणि गोचिडांवरचा उपाय तपासून घ्या. जंगलाच्या किंवा साचलेल्या पाण्याच्या भागात जाणार असाल तर लेप्टोस्पायरोसिसच्या (उंदरांच्या लघवीतून, दूषित पाण्यातून पसरणारा आजार) लसीबद्दल विचारा. लसीकरणाच्या पुस्तिकेचे फोटो फोनमध्ये असू द्या, पण मूळ पुस्तिकाही बरोबर घ्या.

गाडी लागते का? पिल्लांना जास्त लागते, बरीच मोठी झाल्यावर सुधारतात. लागत असेल तर मॅरोपिटंट नावाचं औषध असतं, ते व्हेटकडूनच घ्या. माणसांच्या गोळ्या अंदाजाने अर्धी-पाव करून देऊ नका. ‘झोपेचं काहीतरी द्या’ अशी मागणीही करू नका.

५. विमान किंवा परदेश असेल तर महिने मोजा

विमानकंपन्या साधारणपणे छोट्या कुत्र्यालाच केबिनमध्ये घेतात. वजनाची मर्यादा बऱ्याचदा पिशवीसकट ७-८ किलो असते आणि प्रत्येक विमानात अशा जागा मोजक्याच. म्हणून आधी कुत्र्याची जागा पक्की करा, मग स्वतःचं तिकीट काढा. मोठ्या कुत्र्याला सामानाच्या कक्षात जावं लागतं. तिथला क्रेट (प्रवासाचा पिंजरा) एवढा हवा, की तो सरळ उभा राहील, वळेल आणि पाय पसरून आडवा होईल. या प्रवासासाठी गुंगीचं औषध देऊ नये, असंच सांगितलं जातं. त्याने रक्तदाब आणि श्वास दोन्ही मंदावू शकतात, आणि वर हवेत बघायला कोणी नसतं. चपट्या नाकाच्या जाती अनेक कंपन्या या कक्षात घेतच नाहीत. माझं मत विचाराल, तर आठवड्याभराच्या सुट्टीसाठी कुत्र्याला त्या कक्षात घालू नये. घरच बदलत असाल तर गोष्ट वेगळी.

सीमा ओलांडायची असेल तर क्रम चुकवू नका: आधी चिप (कातडीखाली बसवायची ओळखीची इलेक्ट्रॉनिक खूण), मग रेबीजची लस. चिप १५ अंकी, आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची हवी. चिपच्या आधी टोचलेली लस युरोपीय संघ मोजत नाही. पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं, आणि ज्या देशांतल्या रेबीजच्या परिस्थितीवर संघाचा भरवसा नाही, तिथून येणाऱ्या कुत्र्याची रक्ततपासणीही लागते. तिचा नमुना लस टोचल्यावर किमान ३० दिवसांनी घ्यायचा आणि तिथून पुढे तीन महिने वाट बघायची. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे इथे बहुतेक कुत्र्यांना पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत फीतकृमीचं औषध व्हेटकडून दिलेलं असावं लागतं. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांपेक्षा लहान कुत्रा आत घेत नाहीत. ऑस्ट्रेलियात तर पोहोचल्यावर किमान १० दिवसांचं विलगीकरण आहे. नियम बदलत असतात, त्यामुळे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच शेवटची खात्री करा.

६. गाडीतला प्रवास

कुत्रा मागच्या सीटवर, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) सीटबेल्टला अडकवून किंवा बांधून ठेवलेल्या क्रेटमध्ये. गळपट्ट्याला बेल्ट अडकवू नका, जोराचा ब्रेक लागला तर मानेला इजा होईल. मांडीवर अजिबात नको, आणि पुढच्या सीटवरही नको, एअरबॅग त्याच्या मापाची नसते. खिडकीतून डोकं बाहेर काढलेला कुत्रा फोटोत गोड दिसतो, पण उडालेला एक खडा डोळा घालवायला पुरेसा आहे.

पोटभर जेवण निघायच्या तीन-चार तास आधी. वाटेत पाणी थोडं-थोडं. दर दोन-तीन तासांनी थांबा आणि *दार उघडण्याआधी* पट्टा लावा. कुत्री हरवतात ती बहुतेक अशाच घाईत.

आणि गाडी बंद करून त्याला आत ठेवून जायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. बाहेर २१ अंश असताना बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत ३२ आणि अर्ध्या तासात ४० अंशांवर जातं. काचा बोटभर खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. न थांबणारी धाप, चिकट लाळ, लालबुंद हिरड्या, लटपटणारे पाय ही उष्माघाताची लक्षणं. सावलीत न्या, अंगावर साधं गार पाणी ओता, वारा घाला, आणि सरळ व्हेट गाठा.

सामानाबद्दल फार लिहीत नाही: नेहमीचं खाणं, घरचं पाणी एका बाटलीत, भांडी, शी उचलायच्या पिशव्या, औषधं, जुनं टॉवेल. त्याची रोजची चादर न धुता घ्या, तिच्या वासावरच तो झोपतो. गळपट्ट्याला तुमच्या चालू फोन नंबरचा बिल्ला हवा. चिप मशीनशिवाय वाचता येत नाही, बिल्ला कोणीही वाचतं.

७. पोहोचल्यावर

सामान नंतर. आधी त्याला आवारभर फिरवून शी-शू उरकू द्या, मग खोलीत नेऊन तुम्ही गुडघ्यांवर बसा आणि त्याच्या उंचीवरून नजर टाका. पलंगाखाली पडलेली गोळी, कोपऱ्यातली मुंग्यांची पावडर, बाल्कनीच्या गजांमधली फट हे सगळं तिथूनच दिसतं. चादर एका कोपऱ्यात अंथरा आणि पहिली संध्याकाळ बाहेर पडू नका. जेवणाच्या वेळा घरच्याच ठेवा.

ओळखीच्या मैदानात हाक मारल्यावर धावत येणारा कुत्रा परक्या जंगलात येईलच, याची हमी नाही. तिथे पट्टा सोडू नका, फार तर लांब दोरी लावा. चावायची भीती असेल तर तोंडाला जाळी, पण जिच्यात तो धापा टाकू शकेल आणि पाणी पिऊ शकेल अशीच, आणि तिची सवय घरी करून आणलेली.

८. घरी आल्यावर

त्याच रात्री अंगावरून उलट्या केसांनी हात फिरवा: कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, शेपटीखाली. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल ओतणं, काडीने चटका देणं हे प्रकार करू नका. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, सुस्ती, जेवणाची नावड किंवा नाकातून रक्त दिसलं, तर कुठे जाऊन आलात हे व्हेटला आधी सांगा.

आणि ज्यांच्याकडे राहिलात, त्यांच्या अभिप्रायात तपशील लिहा: कुत्रा केवढा, कुठे झोपला, कुंपणाला फट कुठे आहे. फोटोही टाका, सोफ्याखाली पसरलेला असेल तर उत्तमच.