मोकळं किती, बांधलेलं किती: मातीशुद्धी आणि औषधी नॅनोकणांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. रसायनशास्त्र झालं, पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) निघाली, गाईड मिळाले, की दोन विषय हमखास पुढे येतात: झाडांकरवी मातीतले जड धातू काढणं, नाहीतर औषध वाहून नेणारे नॅनोकण. वरवर लांबचे वाटले तरी दोन्हींचा मुख्य प्रश्न एकच. पदार्थ एकूण किती, यावर भागत नाही. त्यातला मोकळा किती आणि बांधलेला किती, हे मोजता यायला हवं.

विदर्भातली काळी माती या बाबतीत चिवट. चिकणकण भरपूर, वर चुनखडी, सामू (पीएच) बहुतेक वावरांत ८ च्या आसपास. अशा मातीत शिसं, जस्त, कॅडमियम घट्ट धरून बसतात. आम्लधर्मी मातीवरचा पेपर वाचून मोहरी लावली तर पानात शिसं जेमतेम येतं आणि दोष झाडाला दिला जातो. म्हणून झाड निवडण्याआधी दोन आकडे काढा. एकूण धातूसाठी अॅक्वा रेजिया, म्हणजे हायड्रोक्लोरिक ३ भाग, नायट्रिक १ भाग. झाडाला मिळण्याजोग्या धातूसाठी डीटीपीए, म्हणजे धातूला पकडून द्रावणात आणणारं रसायन: ०.००५ मोलर, सोबत ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ०.१ मोलर ट्रायइथेनॉलअमाइन, सामू ७.३. १० ग्रॅम मातीला २० मिली द्रावण, २ तास शेकरवर, गाळून एएएसला (धातू मोजणारं अणुशोषण यंत्र). वेळ पाळाच. २ तासांत समतोल साधलेला नसतो. बाटली जास्त वेळ हलत राहिली की आकडा वाढतो.

नमुना ० ते १५ सेंमीचा घ्या. धुरा (बांध), झाडाची सावली आणि शेणखताच्या ढिगाची जागा सोडा. खुरपं लोखंडी नको, चाळणी पितळी तर मुळीच नको, तिच्यातून तांबं आणि जस्त मातीत उतरतं. २ मिमीची नायलॉन चाळणी बरी. माती सावलीत वाळवा.

कुंडीला ५ किलो माती, प्रत्येक मात्रेला किमान ४ कुंड्या, खाली थाळी. झिरपलेलं पाणी परत कुंडीतच टाकायचं. काळी माती वाळली की कडेनं फट पडते आणि दिलेलं पाणी मुळांना न लागता सरळ खाली जातं, म्हणून थोडं थोडं, वारंवार द्या. धातू बाहेरून मिसळत असाल तर काही आठवडे ओली-कोरडी करत माती मुरू द्या. ताजा मिसळलेला धातू मोकळा असतो, निकाल खोटा चांगला येतो. शिशाच्या कुंडीत डीएपी टाकू नका. फॉस्फेट शिशाला न विरघळणाऱ्या रूपात बांधून टाकतं. ईडीटीएनं (डीटीपीएसारखंच धातू सोडवणारं रसायन) शोषण वाढतं हे खरं, पण सुटलेला धातू पावसात विहिरीकडे निघतो. खुल्या वावरात तो प्रयोग करूच नये.

चंद्रपूर, कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रांकडची पानं असतील तर राख आणि कोळशाची धूळ आधी उतरवा: नळाचं पाणी, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिकमध्ये झटकन बुडवणं, मग दोनदा ऊर्ध्वपातित पाणी. पानात लोह अवाच्या सवा दिसलं की धूळ राहिलीय समजा. पाचनासाठी, म्हणजे पानं आम्लात विरघळवण्यासाठी, नमुना रात्रभर नायट्रिकमध्ये ठेवा. सेंद्रिय भाग शिल्लक असताना परक्लोरिक आम्ल घातलं तर स्फोट होऊ शकतो.

आणि हिशेब आधी करा. हेक्टरी १५ सेंमी माती साधारण २० लाख किलो. १ किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम कमी करायचं म्हणजे २ किलो धातू काढायचा. हेक्टरी ४ टन सुका पाला आणि त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम धरलं, तर एका पिकात निघतात ४० ग्रॅम. म्हणजे ५० पिकं. प्रस्तावात ‘संपूर्ण शुद्धी’ लिहिण्याआधी हा आकडा गाईडसमोर ठेवा. कापलेला पाला बकऱ्यांना नको, चुलीतही नको.

नॅनोकणांत पानांच्या अर्कापासून चांदीचे कण हा विषय आता इतका घासला गेलाय की टाळलेलाच बरा. करायचाच असेल तर बोअरचं पाणी भांड्यालाही लावू नका. क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा गढूळपणा येतो.

त्यापेक्षा कायटोसॅनमध्ये (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनचा बहुवारिक) करक्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, घ्या. वायगावची हळद तर हाताशीच आहे, पण मानक म्हणून शुद्ध करक्युमिन विकत घ्यावं लागेल. १ टक्का अॅसेटिक आम्लात कायटोसॅन १ मिलिग्रॅम प्रति मिली, सामू ५ च्या जवळ, गाळून घ्या. कायटोसॅनला जोडून कण बनवणारं ट्रायपॉलीफॉस्फेट त्याच तीव्रतेचं, कायटोसॅनच्या ५ भागांना १ भाग, थेंबथेंब, ढवळत. निळसर दुधी झाक आली की थांबा. गुठळ्या दिसल्या तर फॉस्फेट जास्त झालं किंवा सामू ६.५ कडे सरकला. मे महिन्यात खोली ४० अंशांवर जाते आणि बॅचेस जुळत नाहीत, म्हणून २५ अंशांचा वॉटरबाथ वापरा.

सगळ्यात जास्त फसगत इथं होते: सेंट्रिफ्यूज करून वरच्या पाण्यातलं करक्युमिन मोजायचं आणि उरलेलं कणांत गेलं असं धरायचं. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही. न बांधलेलंही साक्याबरोबर तळाशी बसतं, आणि ९५ टक्के भरण दिसतं. कायटोसॅन न घालता तीच कृती करून कंट्रोल ठेवा. साका इथेनॉलनं भराभर धुवून वरवरचं करक्युमिन आणि आतलं वेगळं मोजा, रीडिंग ४२५ नॅनोमीटरच्या आसपास. औषध सुटण्याच्या प्रयोगात ७.४ सामूच्या बफरमध्ये ३७ अंशांवर मोकळं करक्युमिन अर्ध्या तासात बहुतांश तुटतं, म्हणून आलेख सपाट दिसला तर ‘मंद गतीनं सुटतंय’ असं लिहू नका. बफरमध्ये ट्वीन ८० (करक्युमिन विरघळतं ठेवणारा साबणासारखा पदार्थ) घाला आणि नुसत्या करक्युमिनची बाटली शेजारी ठेवा, अंधारात.

टीईएमसाठी (कणांचे फोटो काढणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नमुना आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या, म्हणजे महागडी उपकरणं असलेल्या, केंद्रात पाठवावा लागेल. तिथला आकार डीएलएसपेक्षा (पाण्यातल्या कणांचा आकार प्रकाशाच्या विखुरण्यावरून मोजणारी पद्धत) लहान येणारच, कारण पाण्यात कायटोसॅन फुगतं. प्रबंधात दोन्ही आकडे पद्धतीसकट द्या.