गरब्याची टाळी आणि बीपीएमचा आकडा: डीजेच्या गाण्यांची लय दुरुस्त करायला शिकणाऱ्यांसाठी

लॅपटॉपवर गाण्यांची यादी उघडली की प्रत्येक गाण्यासमोर बीपीएमचा रकाना दिसतो, म्हणजे मिनिटाला किती ठोके. नव्याने काम शिकणारी मुलं त्या आकड्यावर डोळे झाकून विसंबतात. पण तो आकडा म्हणजे सॉफ्टवेअरचा अंदाज. ते गाण्यातले आघात शोधतं, ते किती अंतराने परत येतात ते पाहतं आणि बहुतेक वेळा दोन गोष्टी गृहीत धरतं: गाणं चार-चार ठोक्यांच्या घरात बसतं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वेगाने चालतं. हाउस, टेक्नो किंवा संगणकावर बनलेले रिमिक्स असतील तर हे चालून जातं. आमच्या वडोदऱ्यात एका संध्याकाळी कोळीगीत, लावणी, सत्तरच्या दशकातलं हिंदी गाणं, पंजाबी ढोल आणि शेवटी पाय थकेपर्यंत गरबा वाजतो. तिथे हे गृहीतक जागोजागी कोसळतं.

म्हणून या कामात येऊ पाहणाऱ्याला मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की आधी मात्रा मोजायला शिका, सॉफ्टवेअर नंतर. ज्याला गाण्याची सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाचा पहिला ठोका, हाताने दाखवता येते त्याला बीटग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या रेषा, दुरुस्त करायला चार दिवसांत शिकवता येतं. ज्याला सम सापडत नाही, तो कितीही महागडं सॉफ्टवेअर घेऊन बसला तरी चुकीचा आकडा ओळखूच शकत नाही.

चुका साधारण चार तऱ्हेच्या असतात. त्यातली सगळ्यात सोपी दुप्पट-निमपटीची. ७० चं गाणं १४० दाखवतं, १७४ चं ८७. गणिताने दोन्ही बरोबरच आहेत; पण यादी बीपीएमप्रमाणे लावली की ७० वालं गाणं १४० च्या शोधात दिसत नाही आणि ऐन कार्यक्रमात हाताशी येत नाही. नाचणाऱ्याचं पाऊल जिथे पडतं तो ठोका धरा आणि सगळ्या संग्रहात हाच नियम पाळा. आकडा दुप्पट किंवा निम्मा करायचं बटण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं. इथे जास्त वेळ घालवायचं कारण नाही.

खरी गंमत आणि खरी मेहनत आहे ती दुसऱ्या तऱ्हेत, दीडपटीच्या चुकीत, आणि आपल्याकडे ती गरब्यामुळे सतत भेटते. गरब्याची कितीतरी गाणी हींच तालात असतात. हींच सहा मात्रांचा, आपल्या दादऱ्याच्या जवळचा. त्यात पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर वजन असतं, म्हणजे एका आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) दोन जोरदार ठोके. समजा हे जोरदार ठोके मिनिटाला ११० पडतात. एका ठोक्यात तीन मात्रा, म्हणजे मात्रा झाल्या ३३०. आता सॉफ्टवेअरला चारचीच सवय असल्यामुळे ते पुष्कळदा दोन-दोन मात्रांची जोडी करून एक ठोका धरतं आणि आकडा देतं १६५. ऐकायला गाणं तेच, आकडाही टापटीप, ग्रिडच्या रेषाही कुठे ना कुठे आघातावर बसलेल्या दिसतात. म्हणून नवखा फसतो.

ही चूक पकडायची कशी? चार ठोक्यांचा लूप लावा, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवा. १६५ च्या ग्रिडवर चार ठोके म्हणजे आठ मात्रा. आवर्तन सहाचं, लूप आठचा. दुसऱ्याच फेरीत गाणं लंगडायला लागतं. तेच ११० वर आणलं की चार ठोक्यांत बारा मात्रा, म्हणजे बरोबर दोन आवर्तनं, आणि लूप कितीही वेळ फिरवला तरी टाळी जागच्या जागी पडते. एकोसारखे इफेक्टही याच आकड्यावर चालतात, म्हणून आकडा चुकला की तेही बेतालच.

दुरुस्तीसाठी इथे दुप्पट-निमपटीची बटणं कामाची नाहीत, दोन तृतीयांश करावं लागतं: १६५ गुणिले २ भागिले ३, म्हणजे ११०. मिक्स्क्स हे मोफत सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात गाण्यावर उजवी क्लिक केली की दुप्पट आणि निम्म्याबरोबर २/३, ३/४, ४/३, ३/२ असेही पर्याय मिळतात. शिकणाऱ्याने सुरुवात त्यावर करावी असं माझं मत आहे, पैसे वाचतात म्हणून आणि या पर्यायांमुळेही. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा हाताने टाकायचा किंवा टॅप करून, म्हणजे गाण्याच्या ठोक्याबरोबर बटण दाबत, घ्यायचा. दोन्हींनंतर पहिला ठोका तपासायलाच हवा.

आपल्या शहरात हे शिकायला जागा आहे हे मुलांना माहीत नसतं. सूरसागर तलावासमोरचं संगीत महाविद्यालय, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची आजची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी, तिचं मूळ १८८६ मध्ये सुरू झालेल्या गायनशाळेत आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ती मौलाबक्ष यांनी चालवली, आणि गाणं कागदावर लिहिता-शिकवता यावं म्हणून त्यांनी स्वरलिपीही तयार केली. आज तिथे तबला शिकवतात. तिथे जमलं नाही तर घराजवळ जो कोणी तबला किंवा ढोलकी शिकवत असेल त्याच्याकडे जा. दादरा, केरवा, रूपक आणि दीपचंदी हे चार ठेके हातावर टाळी देत म्हणता आले तरी या कामापुरतं पुष्कळ झालं. एका गरबा मंडळातले वयस्कर ढोली मला नेहमी म्हणायचे, ‘बेन, मशीनमां पछी जोजो, पहेलां ताळी पाडो.’ (ताई, मशीनमध्ये नंतर बघा, आधी टाळी द्या.) मी अजूनही गाणं विश्लेषणाला टाकायच्या आधी एकदा टाळी देत ऐकते.

तिसरी चूक दशांशातली. आकडा जवळपास बरोबर असतो, गाण्याच्या सुरुवातीला ग्रिड नीट बसलेली दिसते, पण शेवटी ठोके रेषांवरून सरकलेले असतात. याचं गणित लक्षात ठेवायला सोपं आहे: बीपीएममधली चूक गुणिले मिनिटं, म्हणजे सरकलेले ठोके. चूक अर्ध्या बीपीएमची आणि गाणं चार मिनिटांचं, तर शेवटी पूर्ण दोन ठोक्यांचा फरक. चूक फक्त ०.१ ची असली तरी ०.४ ठोका, म्हणजे १२० च्या वेगाला ०.२ सेकंद, आणि दोन गाणी एकावर एक वाजताना तेवढं कानाला बोचतं.

इथे टॅप करून भागत नाही, हात तेवढा अचूक नसतो. गाण्याच्या सुरुवातीचा एक स्पष्ट ठोका आणि शेवटाजवळचा एक स्पष्ट ठोका वेव्हफॉर्म (पडद्यावरचा आवाजाचा आलेख) मोठा करून शोधायचा, मधले ठोके मोजायचे, आणि ६० गुणिले ठोके भागिले सेकंद करायचं. उदाहरणार्थ, २५६ ठोक्यांना १२८.४ सेकंद लागले तर वेग ११९.६३. सॉफ्टवेअरने १२० लिहिलं असेल तर का सरकतंय ते समजलं. मोजताना पहिल्या ठोक्याला ‘शून्य’ म्हणायचं, ‘एक’ नाही, नाहीतर एक ठोका जास्त धरला जातो. दोन टोकं जितकी लांब तितका आकडा पक्का.

चौथ्या तऱ्हेत वेग बरोबर, पण ग्रिडचा पहिला ठोका समेवर नसून दोनवर किंवा तीनवर बसलेला असतो. मुखड्याआधी उठाण असलेल्या गाण्यात हे हमखास होतं, कारण शब्द समेच्या आधीच सुरू होतात आणि सॉफ्टवेअर पहिल्या आघातालाच ‘एक’ मानतं. ग्रिड योग्य ठोक्यावर सरकवली की झालं.

आता एक फरक नीट समजून घ्या, कारण अर्धा गोंधळ यामुळेच होतो. बीपीएमचा टॅग वेगळा आणि बीटग्रिड वेगळी. एमपीथ्री फाइलमध्ये गाण्याची माहिती ठेवणारे आयडीथ्री टॅग असतात, त्यात वेगासाठी टीबीपीएम नावाची जागा आहे, आणि त्या मानकाप्रमाणे तिथे पूर्णांक लिहायचा असतो. त्यामुळे ११९.६३ चं तिथे १२० होऊ शकतं, आणि दुसरं सॉफ्टवेअर तो १२० खरा मानून पुढे जातं. ग्रिड मात्र डीजेचं प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या ठिकाणी ठेवतं. सेराटो ती फाइलच्याच टॅगमध्ये लिहितो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर आणि मिक्स्क्स मुख्यतः आपापल्या डेटाबेसमध्ये. म्हणजे एमपीथ्रीटॅगसारख्या टॅग बदलणाऱ्या साधनाने आकडा बदलला म्हणून ग्रिड सुधारत नाही, आणि एका सॉफ्टवेअरमध्ये घासूनपुसून बसवलेली ग्रिड दुसऱ्यात आपोआप जात नाही. ती नेणारी साधनं आहेत, पण एमपीथ्रीच्या बाबतीत कधी कधी सगळी ग्रिड एकसारखी सुमारे २६ मिलिसेकंद सरकलेली मिळते. एमपीथ्रीची एक फ्रेम, म्हणजे फाइलचा एक तुकडा, आवाजाच्या १,१५२ नमुन्यांची असते, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने ती तेवढाच वेळ घेते, आणि फाइलच्या तोंडाशी असलेली माहितीची फ्रेम एक सॉफ्टवेअर आवाज म्हणून मोजतं, दुसरं वगळतं. गाणी एकेक करून दुरुस्त करत बसण्याआधी सरकणं सगळीकडे सारखं आहे का ते पाहा.

जुनी हिंदी-मराठी चित्रपटगीतं हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. तेव्हा वादक एकत्र बसून वाजवत, कानात ठोक्याची यांत्रिक टिकटिक नसे. मुखड्यापेक्षा अंतरा किंचित सैल, शेवटची ओळ थोडी पुढे. तिथे एकच आकडा शोधणं व्यर्थ आहे. रेकॉर्डबॉक्समध्ये विश्लेषणाची ‘डायनॅमिक’ पद्धत निवडता येते, मिक्स्क्समध्ये वेग स्थिर धरायचा पर्याय काढता येतो, सेराटोत ग्रिडला जागोजागी खुणा ठोकता येतात. तरी माझी पद्धत साधी आहे. गाण्याचे पहिले ३२ आणि शेवटचे ३२ ठोके नीट ग्रिडवर बसवायचे, कारण जोडणी तिथेच होते. मधला भाग गायकाचा आणि वादकांचा, त्याला हात लावायचा नाही. संपूर्ण गाणं ताणून-आवळून घड्याळावर बसवलेल्या फायली लोक देतात. त्यात गाण्याचा श्वास जातो आणि जुनी माणसं नाचता नाचता थांबतात, का ते त्यांनाही सांगता येत नाही. तशी आवृत्ती करायचीच असेल तर प्रतीवर करा, मूळ फाइल जपून ठेवा.

मैदानावर प्रत्यक्ष गायलेल्या गरब्याच्या ध्वनिमुद्रणाचंही तसंच. तिथे लय मुद्दाम चढत जाते, वर्तुळ हळूहळू वेग घेतं, हाच आमच्या गरब्याचा प्राण. अशा गाण्यावर ग्रिड बसवू नका. टिपणाच्या रकान्यात ‘सुरुवात अमुक, शेवट तमुक’ एवढं लिहा आणि सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं बटण) बंद ठेवून कानाने जोडा.

कामाचा क्रम मी असा ठेवते. आधी संग्रहाची आणि सॉफ्टवेअरच्या डेटाबेसची दोन्हींची प्रत वेगळ्या डिस्कवर. मग विश्लेषणाची बीपीएम मर्यादा गाण्याच्या जातीप्रमाणे बदलून, गरबे वेगळे आणि रिमिक्स वेगळे चालवायचे. यात दुप्पट-निमपटीच्या बऱ्याच चुका आधीच टळतात. काही सॉफ्टवेअर टॅगमध्ये आधीच आकडा असला तर नव्याने मोजत नाहीत, ते सेटिंग बघून घ्या. त्यानंतर प्रत्येक गाणं सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी मेट्रोनोम (ग्रिडच्या ठोक्यांची टिकटिक) लावून ऐकायचं. बरोबर झालं की लगेच लॉक, म्हणजे ग्रिड आपोआप बदलू नये अशी बंद करायची. लॉक न केलेली मेहनत पुढच्या विश्लेषणात पुसली जाते. आणि पेनड्राइव्हवरून वाजवणार असाल तर दुरुस्तीनंतर पुन्हा एक्स्पोर्ट करा; प्लेअर पेनड्राइव्हवरची प्रत वाचतो, लॅपटॉपवर काय सुधारलं ते त्याला कळत नाही.

वर्षातला योग्य काळ म्हणजे पितृपक्ष. अनंत चतुर्दशीला मिरवणुका संपतात, घटस्थापनेला गरबे सुरू होतात, मधल्या पंधरवड्यात लग्न नाही, समारंभ नाही. अनुभवी डीजेंना नेमकं तेव्हाच संग्रह साफ करून देणारं माणूस हवं असतं, आणि नवशिक्याला या क्षेत्रात शिरायला याहून चांगलं दार मला माहीत नाही. डेकवर, म्हणजे गाणी वाजवायला, उभं राहायला मिळण्याआधी शेकडो गाणी आतून ओळखीची होतात.

हे काम घेताना पैसे आधी ठरवा आणि सरसकट दर सांगू नका. संगणकावर बनलेल्या रिमिक्सची तपासणी पटकन होते, हींचमधला गरबा किंवा जुनं चित्रपटगीत कितीतरी जास्त वेळ खातं, तेव्हा दोन्हींचा दर वेगळा ठेवा. संग्रह परत करताना सोबत यादी द्या: गाणं, जुना आकडा, नवा आकडा, आणि कोणतं गाणं मुद्दाम ग्रिडविना सोडलं ते. नाहीतर समोरचा पहिल्याच रात्री त्या गाण्यावर सिंक दाबेल.