घरच्या घरी की ऑर्गनायझर बनवताय? या चुका टाळा

दोन पट्ट्या, दोन स्क्रू, मध्ये चाकूच्या पात्यासारख्या मिटणाऱ्या किल्ल्या. की ऑर्गनायझर म्हणजे एवढंच, आणि म्हणूनच प्रत्येकाला वाटतं की रविवारी जेवून बसलं की चहापर्यंत उरकेल. मग पट्ट्या घासून चकचकीत होतात, त्यांवर नाव कोरलं जातं, फोटो निघतात. आठवड्याभरात किल्ल्या खिशातल्या खिशात उलगडून मांडीला टोचायला लागतात. माझ्याकडे दाखवायला आणलेल्या बहुतेक ऑर्गनायझरच्या पट्ट्या देखण्याच असतात. घोळ असतो तो स्क्रूवर रचलेल्या थरात, आणि तिथे लक्ष द्यायची कुणाची तयारी नसते.

थर न मोजणं

समजा, एका टोकाला तीन किल्ल्या आहेत आणि दुसऱ्या टोकाला दोन. साधी लॅचची किल्ली साधारण २ मिमी जाड. प्रत्येक किल्लीच्या दोन्ही अंगांना ०.५ मिमीचा नायलॉन वॉशर हवा, म्हणजे तीन किल्ल्यांना चार वॉशर आणि थराची उंची ८ मिमी. दुसरीकडे दोन किल्ल्या आणि तीन वॉशर मिळून ५.५. आता नट आवळले की पट्ट्या तिरक्या होतात, वॉशर एकाच कडेवर दाबले जातात, आणि किल्ली अर्ध्यात जाम तर अर्ध्यात ढिली फिरते. लोक स्क्रूला दोष देतात. उणे पडणारे २.५ मिमी आणखी पाच वॉशर घालून भरायचे, बस. जाडी मोजायचा व्हर्नियर नसेल तर दोन्ही थर टेबलावर शेजारी रचून वर पट्टी ठेवा. ती डुगडुगली की समजा हिशेब चुकला.

स्क्रूची लांबीही याच हिशेबातून येते. थर ८, दोन पट्ट्या प्रत्येकी २ मिमीच्या, म्हणजे १२. एम ४ चा, म्हणजे ४ मिमी जाडीच्या स्क्रूचा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) ५ मिमी उंच, झाले १७. वर एक-दोन आटे बाहेर दिसलेच पाहिजेत, म्हणून २० मिमीचा स्क्रू घ्या आणि जास्तीचा भाग हॅक्सॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने कापा. कापण्याआधी स्क्रूवर एक साधा नट चढवून ठेवायचा. कापून, कानस मारून तो उलटा काढला की चेपलेले आटे आपोआप सरळ होतात.

आवळतानाही धीर धरा. एम ४ च्या आट्यांचं अंतर ०.७ मिमी असतं. पाव फेरा फिरवला तर नट ०.१७५ मिमी सरकतो, आणि किल्ली जाम होणं नि लटकणं यांत फरक एवढाच असतो. मी अर्ध्या पाव फेऱ्याने आवळतो, किल्ली चार वेळा उघडझाप करतो, मगच पुढे. ज्यांना हा वेळ वाया वाटतो त्यांनी दुकानातून साधी कडी आणावी.

स्क्रू सैल होतो म्हणून ‘कायमचा’ इलाज

किल्ली उघडताना ती शेजारच्या नटालाही जराशी ओढते. रोजच्या ओढीने साधा नट उलटा फिरत जातो. त्यावरचा उपाय म्हणजे वॉशर आणि नायलॉक नट. पण आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला तेवढा दम नव्हता. त्याने लाल थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवणारा गोंद मागवला आणि दोन्ही स्क्रूंना चोपडला. स्क्रू हलेना, गडी खूश.

अकरा महिन्यांचा करार संपला. सामान गेलेलं, टेम्पोवाला खाली हॉर्न मारतोय, घरमालक दारात हात पुढे करून उभे आणि लॅचची किल्ली काही निघेना. ॲलन कीने (षट्कोनी पान्याने) जोर लावला तर स्क्रूच्या डोक्यातला षट्कोनच गोल झाला. लाल थ्रेडलॉकर सोडवायला सांधा साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, हे त्याने तेव्हा मोबाइलवर वाचलं आणि शेजाऱ्यांचा गॅस पेटवला. स्कूटरच्या किल्लीचं प्लास्टिकचं डोकं वितळून पट्टीला चिकटलं. शेवटी माझ्याकडे आणून स्क्रू हॅक्सॉने कापला. घरमालकांना काळवंडलेली किल्ली मिळाली आणि डिपॉझिटमधून नव्या लॅचचे पैसे गेले.

लावायचाच असेल तर निळा. तो साध्या हत्याराने सुटतो. हा द्रव हवेपासून तुटल्यावर आणि धातू लागल्यावर घट्ट होतो, पुरी पकड यायला दिवसभर लागतो, म्हणून दहा मिनिटांत ओढून बघू नका. बाटली अर्धी रिकामी येते तीही फसवणूक नव्हे, आतल्या हवेमुळेच तो पातळ राहतो. ॲक्रिलिकच्या पट्ट्यांना मात्र लावू नका, तडे जातात. आणि फेविक्विक तर नकोच. तो वाहत जाऊन किल्ली, वॉशर, पट्टी सगळं एक करतो.

बाकीचं थोडक्यात

दोन पट्ट्यांना वेगवेगळी भोकं पाडू नका. चिकटपट्टीने एकावर एक बांधा, भोकाच्या जागी सेंटर पंचने खूण ठोका, व्हाइसच्या शिकंज्यात धरून एकदमच ड्रिल करा. बोटांत धरून ड्रिल करणाऱ्याला माझ्या टेबलापाशी जागा नाही; बिट अडकलं की पट्टी बोटासकट गरकन फिरते.

दोन भोकांमधलं अंतर सर्वांत लांब किल्लीवरून ठरवा, नाहीतर मिटताना तिचं टोक पलीकडच्या स्क्रूवर आपटेल.

किल्लीचं भोक मोठं किंवा लांबट असेल तर ती एम ४ वर खडखडणारच. वॉशर कोंबण्यापेक्षा बारीक भोकाच्या ब्लँकवर (दाते न पाडलेल्या कोऱ्या किल्लीवर) डुप्लिकेट करून घ्या, आणि कुलपात चालवून बघितल्याशिवाय किल्लीवाल्याला पैसे देऊ नका.

ॲल्युमिनियम कानसीत भरून बसतं. आधी कानसीला खडू चोळा. भोकांच्या कडा मोठ्या बिटने, हातानेच फिरवून मारा, नाहीतर खिशाचं अस्तर फाटेल.

चामड्याच्या पट्ट्या हव्या असतील तर पर्सचं मऊ चामडं नको, ते ताणतं. कोल्हापुरी चपलेला वापरतात तसं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं जाड चामडं बघा.

नट-वॉशर पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीत मिळतील. जाताना किल्ल्या सोबत न्या आणि वॉशर तिथेच चढवून बघा.

छोटं पातं बसवायचा मोह होतोच. विमानतळावरच्या तपासणीत ते काढून ठेवावं लागतं, आणि तेव्हा स्क्रू उघडायला ॲलन की कुणाकडे नसते.

गाडीची चिपवाली किल्ली आत बसवायला तिचं डोकं कापू नका, चिप तिथेच असते. एका स्क्रूवर छोटी डी-रिंग (इंग्रजी डीच्या आकाराची कडी) घाला आणि गाडीची किल्ली बाहेर लटकू द्या.