बॉबिन लेसची सुरुवात: फुली आणि पीळ

बॉबिन लेस म्हणजे बॉबिनवरचे दोरे एकमेकांत गुंफून विणलेली लेस. तिच्यासाठी घट्ट भरलेली उशी, भोके पाडलेला जाड कागदी नमुना, त्या भोकांत टोचायच्या बारीक टाचण्या आणि दोरा गुंडाळलेल्या लाकडी बॉबिन, म्हणजे छोट्या दांड्या, लागतात. बॉबिन जोडीनेच वापरतात, म्हणून एका दोऱ्याची दोन टोके दोन बॉबिनवर गुंडाळून ती जोडी वरच्या टाचणीवर अडकवावी.

सारी वीण दोनच हालचालींवर उभी आहे आणि त्या हातात बसेपर्यंत नक्षीकडे वळू नये. शेजारच्या दोन जोड्यांचे चार दोरे समोर घेऊन मधल्या दोहोंपैकी डावा उजव्यावरून नेणे म्हणजे फुली. प्रत्येक जोडीतला उजवा डाव्यावरून नेणे म्हणजे पीळ. फुली, पीळ, फुली या क्रमाने कापडासारखी दाट वीण होते. फुली आणि पीळ एवढ्यावरच थांबल्यास ती जाळीदार होते. डावे-उजवे प्रत्येक वेळी दोऱ्याच्या त्या क्षणीच्या जागेवरून ठरवावे. दोऱ्यांचा ताण सारखा राखणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

स्लोव्हेनियातील इद्रिया येथील लेसशाळा १८७६ पासून ही विद्या शिकवते, आणि त्या देशातील बॉबिन लेसकलेला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

विणलेला भाग स्थिरावल्यावरच मागच्या टाचण्या काढून पुढे वापराव्यात. कडेच्या मात्र अधिक काळ ठेवाव्यात.